ग्वाल्हेरची थंडी आणि घरातली शेगडी : निखारा, बंब आणि बुखारी जपून कशी वापरायची?

ग्वाल्हेर : डिसेंबर लागला की लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांतून शेगड्या बाहेर निघतात. इकडे त्याला कोणी सिगडी म्हणतं, कोणी अंगीठी. जनकगंज, चिटणीस की गोठ, खासगी बाजार, पाटणकर बाजार या वस्त्यांची नावं आजही मराठी आहेत आणि घराघरांत हिंदी-मराठीची सरमिसळ आहे. थंडी मात्र अस्सल उत्तरेची. जानेवारीच्या रात्री पारा पाच-सहा अंशांवर येणं इथे नेहमीचंच. मैदानी भागात किमान तापमान ४ अंशांवर किंवा त्याखाली गेलं की हवामान खातं शीतलहर जाहीर करतं, आणि ग्वाल्हेरकरांना तो शब्द नवा नाही. पुण्या-कोल्हापुराकडून लग्न होऊन आलेल्या सुनेला पहिली थंडी जड जाते ती यामुळेच.

बुऱ्हाणपूर, बैतूल, बिदर किंवा बेळगावकडे थंडी एवढी कडक नसली, तरी बंब, चूल आणि बाळंतिणीची शेक-शेगडी सगळीकडे आहे. त्यामुळे ही माहिती फक्त ग्वाल्हेरपुरती समजू नका. यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा : ज्या खोलीत माणसं झोपणार, त्या खोलीत पेटता निखारा राहता कामा नये. खिडकी किलकिली असली तरी नाही, निखाऱ्यावर राख चढली असली तरी नाही.

धूर गेला म्हणजे धोका गेला?

बहुतेक घरांत रीत अशी असते. शेगडी अंगणात किंवा गच्चीवर पेटवायची, धूर जाऊ द्यायचा, कोळसे लालबुंद झाले की उचलून खोलीत आणायची. पद्धत पिढीजात आहे आणि अर्धी बरोबरही आहे. धूर डोळ्यांना आणि छातीला वाईटच. पण घोटाळा इथूनच सुरू होतो, कारण धूर थांबला की आपल्याला वाटतं आता काही भीती नाही.

धूर हा खरं तर आपला पहारेकरी. तो डोळे चोळायला लावतो, खोकला आणतो, माणूस उठून दार उघडतो. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबणं नाही. कोळसा लाल होऊन जळत असतो तेव्हा हा वायू भरपूर निघतो. वर राख चढून आच मंद झाली की आतल्या कोळशाला हवा कमी पडते आणि जळणं आणखी अर्धवट होतं. म्हणजे शेगडी 'विझत आलीय, राहू दे रात्रभर' असं आपण म्हणतो, नेमका तेव्हाच तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

आकडे पाहू. एक किलो लोणारी कोळसा जळाला की साधारण २०० ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड निघतो. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंच खोली घ्या. तीत जेमतेम ३४ घनमीटर हवा मावते. अर्धा किलो कोळसा जळला आणि खोली पूर्ण बंद असली, तर हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे अडीच हजारांवर भाग होतात. माणसाला दोन तासांत मारायला १,६०० भाग पुरेसे मानले जातात, आणि ४०० भागांवरच तास-दोन तासांत डोकं ठणकायला लागतं. प्रत्यक्षात फटींतून थोडी हवा येते-जाते, म्हणून दर वेळी अनर्थ होत नाही. पण कोणत्या रात्री किती हवा आली, हे झोपलेल्या माणसाला कळायचं कसं?

शरीरात काय होतं तेही समजून घ्या. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं. कार्बन मोनॉक्साइड त्याच हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. त्यामुळे श्वास चालू असतो, छाती वर-खाली होत असते, पण मेंदूला ऑक्सिजन पोचत नाही. जागा माणूस सुस्तावतो आणि त्याला वाटतं ऊब लागून झोप येतेय. झोपलेला उठतच नाही.

हे गरिबाघरीच घडतं असंही नाही. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला १९०२ साली पॅरिसमधल्या आपल्या घरी असाच गेला. शयनगृहातल्या शेकोटीची चिमणी तुंबली होती. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन या थंड हवेच्या ठिकाणी हॉटेलच्या बंद खोलीत गॅसचा हीटर लावून झोपलेले केरळचे आठ पर्यटक दगावले, त्यांत चार मुलं होती. कोळसा असो, लाकूड असो की गॅस, बंद खोलीत ज्योत किंवा निखारा ठेवला की गोष्ट तीच.

'आमच्या आजीच्या काळी तर कोणी मेलं नाही'

हा युक्तिवाद प्रत्येक घरात ऐकायला मिळतो, विशेषतः वडीलधाऱ्यांकडून. त्याला उत्तर आहे. जुन्या वाड्यांत पटियांची उंच छतं होती, झरोके होते, दारांच्या फळ्यांतून बोट जाईल एवढ्या फटी होत्या. थंडी आत यायची तसा वायूही बाहेर जायचा. आता त्याच जागी फ्लॅट आले. छत बुटकं झालं, खिडक्यांना सरकत्या काचा आणि रबरी पट्ट्या आल्या, दाराखालची फट आपण गोणपाट कोंबून बंद करतो. शेगडी तीच राहिली, खोली बदलली. शिवाय आजीच्या काळी कोणी झोपेत गेलं तर 'रात्री हार्ट बंद पडलं' एवढंच म्हटलं जायचं, हेही विसरायला नको.

शेगडी पेटवताना आणि वापरताना

पेटवायची ती उघड्यावरच. खाली गोवरीचा तुकडा किंवा वाळक्या काटक्या, वर कोळसा, आणि वरचा थर लाल होईपर्यंत थांबायचं. घाईने रॉकेल, पेट्रोल किंवा थिनर ओतू नका. विझली असं समजून वरून रॉकेल ओतणारे हात-तोंड भाजून घेतात, कारण गरम कोळशावर आधी वाफ होते आणि मग ती एकदम भडकते. दुधाच्या पिशव्या, टायरचे तुकडे, जुनी चप्पल हे 'लवकर पेटतं' म्हणून घालण्याची खोड बऱ्याच ठिकाणी आहे, तीही सोडा. तो धूर विषारीच.

शेकायला बसायची उत्तम जागा म्हणजे अंगण, गच्ची किंवा उघडी ओसरी. महापालिका चौकाचौकांत अलाव पेटवते तेही उघड्यावरच. खोलीत आणायचीच असेल तर सगळे जागे असतील तेवढाच वेळ, दार सताड उघडं आणि समोरची खिडकीही उघडी ठेवून. हवा एका बाजूने आत येऊन दुसऱ्या बाजूने बाहेर गेली पाहिजे. एक लक्षात घ्या, उघडी खिडकी धोका कमी करते, संपवत नाही. खिडकी उघडून थंडी आत येणार असेल तर शेगडीचा फायदा काय, असं कोणी विचारलं तर त्याचं म्हणणं चुकीचं नाही. म्हणूनच झोपायच्या खोलीसाठी शेगडी हे साधनच नव्हे. त्यापेक्षा अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवा, नाहीतर तेल भरलेला विजेचा रेडिएटर लावा. त्यातून हा वायू निघत नाही.

झोपायच्या आधी शेगडी घराबाहेर न्यायची, आणि बाहेर म्हणजे खरोखर बाहेर. जिन्याखाली, बंद बाल्कनीत किंवा दाराला लागून ठेवली तर वायू परत आत येतो. नेताना दोन्ही हातांत जाड फडकं हवं आणि वाटेत पोरंबाळं नकोत. ओढणी, शाल, नायलॉनची साडी आणि हल्लीच्या मऊ पॉलिस्टर ब्लँकेटपासून शेगडी तीन फूट तरी लांब असावी. ही ब्लँकेटं पेटली की वितळून अंगाला चिकटतात, गोधडीसारखी नुसती धुमसत नाहीत. खाटेखाली शेगडी सरकवायची पद्धत तर साफ बंद करा.

बाळंतिणीची खोली

हा भाग सासवा, आया आणि घरी येणाऱ्या मालिशवाल्या मावशींनी जरूर वाचावा. बाळंतिणीला शेक-शेगडी द्यायची, बाळाला ओवा-वावडिंगाची धुरी द्यायची, वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, ही आपली जुनी रीत. मायेपोटी केलेली असते, यात शंका नाही. पण बंद खोली, निखारा आणि घरातली सर्वांत नाजूक दोन माणसं असं सगळं एकत्र आलं तर त्याहून वाईट योग नाही. तान्ह्या बाळाचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद चालतो, त्यामुळे तेवढ्याच वेळात तो जास्त वायू आत घेतो. त्याचं डोकं दुखलं तरी ते सांगणार कसं? ते चिडचिड करतं, दूध ओढत नाही, नाहीतर शांत पडून राहतं आणि घरचे म्हणतात, 'ऊब मिळाली, छान झोपलंय.'

गरोदर बाईचंही तेच. पोटातल्या बाळाच्या रक्तात हा वायू आईपेक्षा जास्त साठतो आणि उतरायला वेळ घेतो. म्हणजे आई 'मला बरं वाटतंय' म्हणाली तरी बाळाला त्रास झालेला असू शकतो.

मग शेक द्यायचाच नाही का? द्या की. शेगडी बाहेर ठेवा, तव्यावर फडकं किंवा वाळूची पुरचुंडी गरम करा, ती आत नेऊन शेका. गरम पाण्याच्या पिशवीनेही तेच काम होतं, फक्त कशाचाही चटका आधी स्वतःच्या मनगटावर बघा. बाळाला आईच्या अंगाशी, डोक्याला टोपडं घालून ठेवलं तर निखाऱ्याची गरज पडत नाही. धुरीबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. कुठलाही धूर नवजात बाळाच्या फुप्फुसाला नकोच, मग तो ओव्याचा का असेना.

बंब : न्हाणीघरात नको

तांब्याचा बंब अजून कित्येक मराठी घरांत चकचकीत उभा आहे, आणि पाणी तापवायला तो आहेही झकास. मधोमध नळी, तिच्यात बंबफोड किंवा कोळसा, भोवती पाणी. आच चहूबाजूंनी पाण्याला मिळते म्हणून जळण कमी लागतं.

नियम फार नाहीत. आधी पाणी, मग विस्तव. रिकामा बंब पेटवला तर सांधे उकलतात आणि बंब कायमचा गळका होतो. तोटीचा बंब असेल तर विस्तव असताना सगळं पाणी काढून घेऊ नका. पाण्याचं झाकण सैलच ठेवा, वाफेला वाट पाहिजे. खालची जाळी रोज मोकळी करा, कारण राखेने ती तुंबली की हवा जात नाही, बंब कोंदतो, धूरही वाढतो आणि तो बिनवासाचा वायूही. पाणी क्षाराचं असेल तर आत पांढरा थर धरतो आणि पाणी तापायला वेळ लागतो. मोसमातून एकदा-दोनदा तो काढून घ्या. बाहेरून चिंच किंवा लिंबू-मीठ आहेच.

मुख्य गोष्ट जागेची. बंब अंगणात किंवा पडवीत ठेवा आणि गरम पाणी बादलीने आत न्या. दार लावलेल्या न्हाणीघरात पेटता बंब म्हणजे चार बाय सहाच्या पेटीत शेगडी. गॅस गीझरलाही हेच लागू. आतल्या बाजूला गीझर लावलेल्या बाथरूममध्ये आंघोळीला गेलेली मुलंमुली बेशुद्ध पडल्याच्या बातम्या महाराष्ट्रातूनही येत असतात. गीझर बाहेरच्या भिंतीवर, आत फक्त गरम पाण्याची नळी, असं करून घ्या.

जळण कुठलं?

इकडे लाकडाची टाल, तिकडे वखार. बाभूळ, शिसव, करधई ही जड लाकडं चांगला, टिकाऊ निखारा देतात. विलायती बाभूळही चालते. पण जातीपेक्षा महत्त्वाचा तो कोरडेपणा. ओलं लाकूड आपली बरीच आच स्वतःतलं पाणी उडवण्यात घालवतं आणि धूर करतं. तोडून, चिरून, वरून झाकलेलं पण बाजूंनी उघडं असं सहा महिने ते वर्षभर राहिलेलं लाकूड घ्या. ओळखायची खूण सोपी आहे. टोकाला भेगा पडलेल्या असतात, दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज येतो. ओल्याचा आवाज भद्द येतो.

सुताराकडचे प्लायवूडचे तुकडे, सनमायका लावलेल्या फळ्या, रंग दिलेल्या चौकटी फुकट मिळतात म्हणून जाळू नका. त्यांतल्या डिंकाचा आणि रंगाचा धूर घरात फिरतो. ग्वाल्हेरच्या हवेला आधीच पुरेसा त्रास आहे. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीत अतिसूक्ष्म धूलिकणांच्या बाबतीत हे शहर जगात दुसऱ्या क्रमांकावर होतं. दम्याचा माणूस घरात असेल तर लाकूड-कोळसा अगदी टाळलेलाच बरा.

नळीची बुखारी बसवणार असाल तर

काश्मीर-हिमाचलातली पत्र्याची बुखारी आता ऑनलाइन मिळते आणि हौसेने घेतलीही जाते. बंद पेटी, समोर दार, वर छताबाहेर जाणारी नळी. उघड्या शेगडीपेक्षा ही नक्कीच बरी, कारण धूर आणि वायू दोन्ही बाहेर जातात. पण तिची सगळी मदार नळीवर.

खाली कोटा फरशी किंवा पटिया घाला, लाकडी किंवा विनाइलची जमीन नको. भिंत, पडदा, सोफा यांच्यापासून तीन फूट अंतर ठेवा. नळीचे तुकडे जोडताना वरच्या नळीचं तोंड खालच्या नळीच्या आत बसलं पाहिजे. बरेच कारागीर उलट करतात, मग आतला डांबरासारखा काळा रस सांध्यातून भिंतीवर ओघळतो. नळी छतातून जिथे बाहेर पडते तिथून किमान तीन फूट वर गेली पाहिजे, आणि दहा फुटांच्या आत गच्चीची भिंत किंवा पाण्याची टाकी असेल तर तिच्याहूनही दोन फूट उंच. नाहीतर वारा धूर परत खाली ढकलतो. नळी खिडकीतून बाहेर काढून तिथेच सोडून देणं हे काम नव्हे.

पेटवण्याआधी गार नळी गरम करावी लागते. वर्तमानपत्राचा बोळा पेटवून नळीच्या तोंडाशी धरा. धूर वर ओढला जायला लागला की मग लाकूड. त्या वेळी स्वयंपाकघरातला एग्झॉस्ट पंखा बंद हवा. तो घरातली हवा खेचतो आणि बुखारीचा वायू नळीतून उलटा आत येतो. ही गोष्ट विकणारा सांगत नाही. आणि रात्रभर निखारा टिकावा म्हणून नळीची झडप पूर्ण बंद करून झोपू नका. झडप बंद केली की बुखारीची परत शेगडी झाली.

नळीच्या आत जमणारा काळा थर स्वतःच पेट घेऊ शकतो. थर तीन मिलिमीटर झाला की तारेच्या ब्रशने काढा. थंडी सुरू होण्याआधी एकदा आणि मध्ये एकदा तरी. पहिल्या साफसफाईत साळुंकीचं किंवा चिमणीचं घरटं निघालं तर नवल नाही. नळीतून रेल्वे गेल्यासारखी घरघर आली आणि ती लाल झाली, तर हवेची दारं बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा.

बुखारी असो वा शेगडी, राख लोखंडी डब्यात, झाकण लावून, घरापासून लांब. राखेतला निखारा तीन-चार दिवसही जिवंत राहतो. प्लास्टिकच्या बादलीत किंवा कचऱ्यात टाकलेल्या राखेने आगी लागल्या आहेत. मातीच्या शेगडीला तडे गेले असतील तर मोसमाआधी लिंपून घ्या आणि गंजून खाल्लेली जाळी बदला.

कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा छोटा बॅटरीवरचा अलार्म आता मिळतो. बुखारी असलेल्या घरात तो असायलाच हवा, झोपायच्या खोलीत किंवा तिच्या दाराजवळ. महिन्यातून एकदा बटण दाबून बघा. त्याचं आयुष्य पाच ते दहा वर्षं असतं, मुदत पाठीवर छापलेली असते. अलार्म आहे म्हणून शेगडी आत ठेवायची, असा अर्थ मात्र काढू नका.

कोणाला लागलंच तर

पहिली लक्षणं साधी असतात. डोकं जड, मळमळ, चक्कर, पाय लटपटणं. ताप नसतो. घरातल्या दोघा-तिघांना एकदमच असं झालं आणि अंगणात गेल्यावर बरं वाटलं, तर जेवणावर संशय घेऊ नका, शेगडीवर घ्या.

कोणी बेशुद्ध दिसलं तर आत धावण्याआधी दारं-खिडक्या उघडा, बाहेर खोल श्वास घ्या, माणसाला ओढून बाहेर आणा. आत थांबून शुद्धीवर आणायच्या नादात दुसरा माणूस पडतो. श्वास चालू असेल तर कुशीवर झोपवा, नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा. कांदा हुंगवणं, तोंडात पाणी किंवा लिंबूसरबत घालणं, यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा, तो न लागल्यास ११२. शेगडीही आता बाहेर काढायची, पण माणसांनंतर.

करोनाच्या काळात घेतलेला बोटावरचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. त्याला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही, तो ९८-९९ दाखवत राहतो आणि माणूस गुदमरत असतो. आकडा चांगला आहे म्हणून घरी थांबू नका.

दवाखान्यात पोचताच पहिलं वाक्य हे सांगा : 'खोलीत शेगडी होती.' हे सांगितलं नाही तर उलट्या आणि डोकेदुखी पाहून डॉक्टर विषबाधा किंवा पित्ताच्या वाटेने जाऊ शकतात. सांगितलं तर रक्ताची नेमकी तपासणी होते आणि मास्कने शुद्ध ऑक्सिजन लावला जातो. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. ग्वाल्हेरमध्ये गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालयाचं जयारोग्य रुग्णालय, ज्याला सगळे जेएएच म्हणतात, ते यासाठी मोठं ठिकाण. इतर गावांत जिथे ऑक्सिजनची सोय आहे ते जवळचं रुग्णालय गाठा. गरोदर बाई किंवा बाळ असेल तर लक्षणं उतरली तरी दाखवाच.

घरी आल्यावरही महिनाभर लक्ष ठेवा. काही जणांना सुरुवातीला अगदी बरं वाटतं आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसरभोळेपणा, चालताना तोल जाणं, स्वभावात बदल असं दिसायला लागतं. वय झालं म्हणून सोडून देऊ नका. त्या रात्रीची गोष्ट सांगून पुन्हा डॉक्टरांकडे न्या.